फोटोतला इन्नास

२६ मार्च १९७७, शनिवार. दुपारी मी आणि इन्नास दूध संस्थेच्या पडवीत कॅन घासत होतो. मिशनची विहीर तळाला गेली होती. अशा दिवसांत आधी कोरड्या राखेने घासायचं, मग सोड्याच्या गरम पाण्याचा एक हात फिरवायचा आणि तेच पाणी पुढच्या कॅनमध्ये ओतायचं, अशी आमची रीत होती. इन्नासचा हात खांद्यापर्यंत कॅनमध्ये होता. मान वर न करता तो म्हणाला, "आक्का, खरं सांगू का बरं?"

हे वाक्य मी रोज सकाळ-संध्याकाळ ऐकायची. पण तेव्हा त्याच्यासमोर दूध असायचं आणि दूध आणणारा असायचा. त्या दुपारी दोन्ही नव्हतं. कॅनमधला त्याचा हात थांबला होता. मला एकदम भीती वाटली.

आधी इन्नास कोण ते सांगते. मुरुमपासून सायकलने तासाभरावर, एका गावाच्या कडेला आमची मिशनची वस्ती. पंचवीसेक कॅथलिक घरं, एक चर्च, फादरचा बंगला आणि मिशनच्या जागेवर उभी असलेली पत्र्याची दूध संस्था. बाकी गाव हिंदू शेतकऱ्यांचं, ओढ्यापलीकडे बौद्धांची आळी. आमच्या आजा-पणजांनी बाप्तिस्मा घेतला, तरी गावाच्या लेखी आम्ही कडेचेच राहिलो. इन्नास हा शिमोन मास्तरांचा मुलगा. मास्तर म्हणजे वस्तीचे धर्मशिक्षक. फादर नसले की प्रार्थना चालवायची, मुलांकडून धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायची, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, पेटी वाजवायची, आजाऱ्याजवळ बसायचं आणि मिस्सेला कोण आलं नाही ते फादरच्या कानावर घालायचं, ही त्यांची कामं. चिंचेचा एक ओला फोक त्यांच्या हातात कायम असे. मुलं त्यांना भीत, आणि मुलांचे बापही भीत, कारण तेही त्याच फोकाखाली शिकलेले.

मी संस्थेची सेक्रेटरी. नवरा दुष्काळाच्या आधी गेला. वस्तीत सातवी झालेली मी एकटीच बाई होते, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. घर संस्थेला लागून. इन्नास मला आक्का म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळात तो चौदा वर्षांचा होता. सगळी वस्ती खडी फोडायला जायची. मुकादम वय विचारायचा आणि झाडून सगळी पोरं "अठरा" म्हणायची. इन्नास म्हणाला, "चवदा." मुकादमाने घरी पाठवलं. आईने डोकं धरलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा रांगेत उभा. मुकादम म्हणाला, "आज किती?" हा म्हणाला, "चवदाच, पर कालच्यापेक्षा एक दिसानं मोठा." मुकादम इतका हसला की त्याला कामावरच्या लोकांना पाणी पाजायला ठेवून घेतलं. त्याच कामावर खडीची कपची उडून त्याचा पुढचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून तो हसताना तोंडावर हात धरायचा.

दुष्काळ सरल्यावर मिशनच्या मदतीने म्हशी आल्या, संस्था आली, आणि दूध मापायला मी इन्नासला घेतला. आमच्या हातचं पाणी न पिणाऱ्या घरांतून आमच्या हातात दूध यायला लागलं होतं, त्यामुळे माप चोख असणं भाग होतं. इन्नास दुधात लॅक्टोमीटर, म्हणजे पाणी किती घातलंय ते दाखवणारी काचेची नळी, सोडायचा, डोळ्यांच्या पातळीला आणून बघायचा आणि विचारायचा, "खरं सांगू का बरं?"

गावातले दगडू आबा, पिळदार मिशांचे, त्यांची आणि इन्नासची रोजची ठरलेली जुगलबंदी होती.

"बरं सांग बाबा आधी."

"आबा, तुमची म्हस लई चांगली हाय."

"आन खरं?"

"हिरीलाबी तुमच्या चांगलं पानी हाय."

रांग हसायची, आबाही हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पाणी कमी असायचं. आईच्या दुधालाही तो सोडायचा नाही. कतरीनाबाई म्हणायची, "नऊ म्हैने पोटात वागिवला रं तुला." हा म्हणायचा, "ते बरं झालं. हे खरं हाय." अर्धा दात झाकून हसायचा आणि माप कमी धरायचा.

कुणाला वाटेल, मोठा धीट मुलगा असेल. मुळीच नाही. पालीला भ्यायचा. फटफटीवर मागे बसायला भ्यायचा. बापाची खाकर ऐकली की सरळ उभा राहायचा. खोटं बोलायला मात्र त्याहून जास्त भ्यायचा. एखाद्याला विंचवाची भीती असते तशी त्याला खोट्याची होती.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. आमच्या चर्चमध्ये, दाराजवळच्या भिंतीवर एक जुना फोटो आहे. बिशप आले होते तेव्हाचा, सगळी मुलं ओळीने बसलेली. मधल्या ओळीत एका मुलाच्या जागी भोक आहे. दाढीच्या पात्याने नीट कापलेलं, मागचा पांढरा पुठ्ठा दिसतो. तो याकोब. त्याला एकदा गाडीतळावर एका माणसाबरोबर नको तसा पाहिला, असं म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही. तो सोलापूरच्या वाटेने गेला, आणि त्याच्या घरच्यांनी आपल्या घरातल्या आणि चर्चमधल्या फोटोंतून त्याला काढला. त्याचं नाव पुन्हा कुणी घेतलं नाही. आमच्याकडे माणूस काढून टाकायची ही पद्धत. वस्तीतलं प्रत्येक मूल चपला काढताना ते भोक बघत मोठं झालं. इन्नासही.

तर त्या शनिवारी मी घासणी खाली ठेवली आणि म्हणाले, "खरं सांग."

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी सिसिल, माकणीकडची. शांत, कामाची पोरगी. आमच्यात लग्न ठरलं की ओळीने तीन रविवार मिस्सेच्या शेवटी फादर पुकारणी करतात. अमक्याचा मुलगा, तमक्याची मुलगी, यांचं लग्न योजलं आहे. यात काही अडचण कुणाला ठाऊक असेल तर ती सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. मी लहानपणापासून हे ऐकत आले. कुणी उठलेलं कधी पाहिलं नाही. हे वाचून होईपर्यंत लोक चपलांकडे बघायला लागलेले असतात. इन्नासची पहिली पुकारणी झाली होती. दुसरी दुसऱ्या दिवशी होती.

"आक्का, मला पोरींचं कायबी वाटत न्हाय," तो कॅनच्या तळाला बोलल्यासारखा बोलला. "पोरांचं वाटतं. कवापासनं म्हनाल तर कळतंय तवापासनं."

मी पहिल्यांदा उठून पडवीचं दार लावलं. मग विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"तुमालाच."

"आन तो कोण आहे?"

"कुनी न्हाय. असता तर त्याचं नाव तुमालाबी सांगितलं नसतं."

मी जे सुचलं ते बोलले. लग्न झालं की जातं म्हणतात, असं म्हणाले. तो म्हणाला, "आन न्हाय गेलं तर? सिसिल कुटं जाईल?" आमच्यात काडीमोड नाही. एकदा वेदीसमोर हात दिला की मरेपर्यंत. त्या पोरीला जन्मभर कळणार नव्हतं की आपलं काय चुकलं.

"फादरकडं पापकबुलीला जा," मी म्हणाले. "ते कुणाला सांगत नाहीत."

"पाप केलंच न्हाय तर कबुली कशाची देऊ?"

मी त्याला कॅन पुरे करायला लावले. काम चालू असलं की भीती जरा कमी होते, असा माझा अनुभव आहे. त्या दिवशी तो खोटा ठरला.

रविवारी मी बायकांच्या बाजूला खाली बसले होते. फादरनी नावं वाचली आणि विचारलं, कुणाला अडचण ठाऊक आहे का. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचं, आणि ठाऊक मला होतं. मी जमिनीवरच्या शहाबादी फरशीची सांध बघत राहिले. बोलले तर इन्नास भिंतीवरचं दुसरं भोक होणार, न बोलले तर सिसिलचा जन्म जाणार. कुणी उठलं नाही. मिस्सा संपली आणि मी पाहिलं, इन्नास एकटा फादरच्या मागे आतल्या खोलीत चालला होता.

आत काय झालं ते त्याने मला संध्याकाळी सांगितलं. "म्हनलं, फादर, मला लगीन करायचं न्हाय. ते म्हनले, का रं? तर शब्दच निघंना. मग त्यांनीच माझा हात धरला आन म्हनले, देव बोलावतोय का तुला?"

"तू काय म्हनलास?"

"कायबी न्हाय."

ही चूक आमच्याच लोकांना करता आली असती. दुसऱ्या कुठल्या समाजात पोराने लग्न नको म्हटलं तर लोक कारण शोधतील, शंका घेतील. आमच्यात फादर लग्न करत नाहीत, म्हणून एकच कारण सुचतं. पोराला फादर व्हायचंय! दुपारपर्यंत ती बातमी वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेली. आमच्या वस्तीतून कधी कुणी फादर झालं नव्हतं. शिमोन मास्तर भर उपवासकाळात पोरांना गूळ वाटत सुटले. फोक कुठेतरी विसरले होते. म्हाताऱ्या अन्नाबाईने तर येऊन, नव्या फादरचं घेतात तसं, इन्नासच्या हाताचं चुंबन घेतलं, कारण पुढे फादर झाल्यावर आपण जगलो-वाचलो नाही तर! सिसिलचा बाप दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, "देवाला पोरगा चाललाय, त्यात आमचा कसला अपमान?" मास्तर आणि तो गळ्यात गळा घालून रडले.

मी मनात म्हटलं, सुटलो. सिसिल सुटली, इन्नास सुटला आणि कुणाला काही सांगायलाही नको. सेमिनरीत दहा-बारा वर्षं शिक्षण, दोन वेळचं जेवण, मग पांढरा झगा आणि जन्मभर मान. लग्न का केलं नाही असं फादरला कोण विचारतं? मी इन्नासला हे सगळं नीट समजावून सांगितलं. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. जिवंत माणूस ही पहिली गोष्ट.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आक्का, लगीन केलं असतं तर एकीला फसिवलं असतं. तितं गेलो तर समद्यांनाच की. अन्नाबाईनं हात चुंबला माझा. तवापासनं त्यो हात ताटाला लावू वाटंना."

"मग काय करणार?"

"लई भ्या वाटतंय," एवढंच तो म्हणाला.

तो आठवडा मला कसा गेला ते मलाच माहीत. सोड्याचा डबा मी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि कॅनला लागेल तेवढाच काढून देऊ लागले. विहिरीवरून दोर काढून आणला, कारण विचारणाऱ्याला म्हटलं, झिजलाय. इन्नासच्या हे लक्षात आलं. कुलपाकडे बघून म्हणाला, "आक्का, म्या मरनार न्हाय. मला मरायचीबी भीती वाटती." मी म्हणाले, "चांगलं आहे. वाटू दे." कुलूप काढलं नाही.

पुढचा रविवार झावळ्यांचा. येशू येरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झावळ्या हलवून त्याला आत नेलं, त्याची आठवण. आमच्याकडे ओढ्यातल्या शिंदीच्या फांद्या आणतात. मिरवणूक झाली, चर्च गच्च भरलं, लहान पोरं फांद्यांनी एकमेकांच्या कानाला गुदगुल्या करत होती. मिस्सेच्या शेवटी फादर म्हणाले, "दोन रविवार एक पुकारणी झाली. तिसरी होणार नाही. कारण मोठं आनंदाचं आहे. इन्नास, पुढे ये."

इन्नास हातात शिंदीची फांदी घेऊन पुढे गेला. फादरनी आशीर्वाद द्यायला हात उचलला.

"फादर, थांबा," तो म्हणाला आणि लोकांकडे वळला. आवाज लहान होता, पण चर्चमध्ये त्याक्षणी पोरंही गप्प होती.

"मला देवानं बोलावलं न्हाय. बोलावलं असतं तर गेलो असतो. मला बायकू नको, कारन मला बाईचं काय वाटतच न्हाय. पुरुषाचंच वाटतं. पयल्यापासनं तसंच हाय. सिसिलची कायबी चूक न्हाय, तिला कुनी नाव ठिवू नका. मागल्या ऐतवारी म्या गप बसलो, ते खोटं झालं. एवढंच."

फादरचा हात तसाच वर राहिला होता. मग तो खाली आला आणि ते हळू म्हणाले, "बस, इन्नास." इन्नास बसला नाही. शिमोन मास्तर पेटीजवळ होते. त्यांनी एकाएकी भाता ओढला आणि शेवटचं गीत सुरू केलं. कुणी मागे म्हटलं नाही. दोन ओळी ते एकटेच गायले, मोठ्याने, बेसूर. तिसऱ्या ओळीला आवाज फुटला आणि नुसती पेटी वाजत राहिली.

इन्नास मधल्या वाटेने दाराकडे निघाला. दोन्ही बाजूंच्या बायकांनी पदर आवरले. पदर आवरणं आम्हाला नवं नव्हतं. गावातल्या बायका पाणवठ्यावर आमच्यासाठी आवरायच्या. आम्ही आमच्याच पोरासाठी आवरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मी उठून बाहेर येईपर्यंत तो दिसेनासा झाला होता. घरी नव्हता. ओढ्यात नव्हता. मग मी विहिरीवर गेले. दुष्काळात सुरुंग लावून खोल केलेली विहीर, आत काळा फुटका दगड, तळाला हातभर पाणी. दोर मी काढून आणला होता, पण उडी मारणाऱ्याला दोर कशाला लागतो? हे मला तिथे, काठावर उभी राहिल्यावर सुचलं. मी काठावर पालथी पडले आणि आत पाहिलं. हिरवट पाण्यात आभाळ दिसलं आणि माझं डोकं दिसलं. दुसरं काही नव्हतं.

तो संस्थेत होता. शिंदीची फांदी कोपऱ्यात उभी करून कॅन घासत होता.

"काय करतोस रे?"

"सांजचं दूध येईल न्हवं," तो म्हणाला.

फादर दुपारी आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशी उभे राहिले. "मार्थाबाई, त्याला काही दिवस कुठेतरी दूर पाठवा," म्हणाले. "लोक फार चिडलेत." फादर वाईट नव्हते. ते घाबरले होते. आम्ही सगळेच घाबरलो होतो, पण काम काय करायचं ते मला आता कळलं होतं. भूमच्या दूध शीतकरण केंद्रावरचे साहेब एकदा आमच्याकडे आले होते आणि इन्नासचं माप बघून म्हणाले होते, असा माणूस आम्हाला द्या. तेव्हा मी दिला नव्हता. संध्याकाळचा टेम्पो दूध घेऊन उमरग्याला जायचा. तिथे मुक्काम, आणि सकाळी भूमची एसटी. माणूस आता द्यायचा होता.

रांग लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. वस्तीतल्यांपैकी थोडेच आले, गावातले नेहमीसारखे आले. इन्नासने लॅक्टोमीटर घेतला. कुणालाही त्याने काही विचारलं नाही, नुसते आकडे सांगत होता. तेवढ्यात शिमोन मास्तर आले. हातात फोक नव्हता, काठी होती. मागे त्यांचे दोन पुतणे.

मी दारात उभी राहिले. "मास्तर, दूध आणलंय का?"

"बाजूला व्हा मार्थाबाई. घरातली गोष्ट हाय."

"घरातली गोष्ट घरात. हे संस्थेचं दार आहे. दुधाच्या टायमाला दुधवाल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही मी."

"जागा मिशनची हाय!"

"जागा मिशनची, दूध सभासदांचं. सांडलं तर भरून कोण देणार?"

एक पुतण्या पुढे सरकला. मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. तेवढ्यात रांगेतून दगडू आबांचा आवाज आला.

"काय केलं वो पोरानं?"

मग पुतण्याने, मान फिरवून, काय ते सांगितलं. आबांनी मिशीवरून हात फिरवला. वस्तीतली गोष्ट आता गावात गेली होती. गावाने उद्यापासून दूध बंद केलं तर संस्थाच बुडणार होती. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते.

"खून-बिन केला का कुनाचा?" आबा म्हणाले.

"न्हाय."

"चोरी?"

"न्हाय."

"मग हुबा का ऱ्हायलास मधी? रांगंत ये न्हायतर बाजूला हो. माझी म्हस नासकं दूध देत न्हाय, पर असं थांबलं तर नासंल." आणि माझ्या बगलेतून चरवी आत सरकवून ओरडले, "ए इन्नास, बघ रं. आज बरं नको सांगू, एकदम खरंच सांग."

इन्नासने लॅक्टोमीटर दुधात सोडला. मास्तर मला ढकलून आत आले होते. काठी वर होती. इन्नासने बापाकडे पाहिलं, पण चरवीवरचा हात काढला नाही.

"बा," तो म्हणाला, "दूध सांडंल."

मास्तरांची काठी तशीच वर राहिली. सकाळी फादरचा हात राहिला होता तशी. मग ते वळले आणि पुतण्यांच्या मधून निघून गेले. बापाने मुलाला त्यानंतर कधी हाक मारली नाही आणि मारलंही नाही.

टेम्पो आला. कॅन चढवले, मग इन्नासला चढवला. एका पिशवीत त्याचे दोन शर्ट आणि माझ्याकडच्या भाकरी. मी त्याला बजावलं, "भूमला गेल्यावर कुणाला काही सांगत बसू नकोस."

"खरं न्हाय सांगायचं?"

"आधी पगार सुरू होऊ दे. मग काय सांगायचं ते सांग."

तो हसला. दोन्ही हातांनी कॅन धरले होते, त्यामुळे तुटका दात झाकता आला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. तो भूमला आहे. कामावर टिकला, केंद्रावर त्याला मान आहे. तिथल्या एका शाळामास्तरासोबत खोली घेऊन राहतो. त्यापुढे मी विचारलं नाही आणि त्याने बरं म्हणून काही रचूनही सांगितलं नाही. वस्तीत तो परत आला नाही. सिसिलचं पुढच्या वर्षी दुसरीकडे लग्न झालं, तिला दोन मुलं आहेत. गावातलं दूध बंद झालं नाही. फादरची बदली झाली. आमच्या वस्तीतून अजून कुणी फादर झालेलं नाही.

पण टेम्पो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची, सोमवारची सकाळ सांगायची राहिली. उजाडता उजाडता मी संस्था उघडली, तर कतरीनाबाई चरवी घेऊन पायरीवर बसलेली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

"पोचला असंल का?" ती म्हणाली.

"आता कुठं एसटीत बसला असंल."

तिने चरवीवरचं फडकं नीट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मास्तरनी पातं काढलंय. घरातले दोन फोटो झाले. चर्चात गेल्यात आता. मग हितं येतील."

संस्थेत एकच फोटो होता. उद्घाटनाच्या दिवशीचा, टेबलावर लॅक्टोमीटर ठेवून आम्ही सगळे उभे. इन्नास माझ्या उजव्या हाताला, तोंडावर हात धरलेला, कारण फोटोवाल्याने हसवलं होतं. फोटो टेबलाच्या वरच टांगलेला होता, कुणाचाही हात पोचेल असा.

मी आतून हातोडी आणली. स्टूल टेबलावर चढवलं आणि त्यावर मी चढले. वस्तीत शिडी एकच होती, आमची, संस्थेची. ती मी दोरासारखीच आदल्या दिवशी माझ्या घरात आडवी टाकून ठेवली होती, बाहेर काढली तर मास्तरांच्याही हाती लागली असती. पत्र्याखालच्या तुळईला मी लांब खिळा ठोकला आणि फोटो त्याला अडकवला. स्टूल डुगडुगत होतं. खाली बघितलं तर कतरीनाबाईने चरवी जमिनीवर ठेवून स्टुलाचे पाय दोन्ही हातांनी धरले होते.

"सरळ हाय का?" मी विचारलं.

"जरा डावीकडं घ्या," ती म्हणाली.

मी डावीकडे घेतला, खाली उतरले, स्टूल घरात नेऊन ठेवलं, टेबल पुसलं आणि तिचं दूध मापायला घेतलं.